हौसाचा समुद्र

उन्हाळा आला की हौसा येते. कडुलिंब फुलतो, आडाचं पाणी तळाला जातं, आणि काष्टीच्या स्टँडवर उतरून माझी धाकटी बहीण गाठोडं काखेत मारून चालत येताना दिसते. या वयात चालायला नको म्हणून नातू गाडी घेऊन जातो, पण ती मागं बसत नाही. "मला काय धाड भरलीय? येते की चालत," म्हणते. वाटेत तिला कुणी ना कुणी भेटतं आणि ते बोलत बोलत आमच्या दारापर्यंत येतं. या गावात मी उभा जन्म काढला, शाळेत दोन पिढ्यांना बाराखडी गिरवायला लावली. मी रस्त्यानं निघाले तर लोक "नमस्कार बाई" म्हणतात आणि बाजूला होतात. हौसा वर्षातून पंधरा-वीस दिवस येते आणि तेवढ्यात गाव तिचं होऊन जातं.

हे मी कौतुकानं लिहीत नाही. मी जळते तिच्यावर. हेवा, मत्सर, असूया असे पुष्कळ शब्द मी मुलांकडून समानार्थी म्हणून पाठ करून घेतले आहेत. पण आमच्याकडचा 'जळणं' हाच शब्द खरा, कारण ते छातीच्या जरा खाली, चुलीत ओलं लाकूड सारल्यासारखं धुमसत असतं. भडकत नाही आणि विझतही नाही. मला त्याची लाजही वाटत नाही. इतक्या वर्षांत सवय झाली आहे.

ती आली की आमच्याकडे कुरडया होतात. गहू भिजवून आंबवायचे, वाटायचे, चीक काढायचा, आणि सकाळी उन्हं चढायच्या आत मोठ्या पातेल्यात तो शिजवायचा. तो रटरटायला लागला की आंबूस, दाट वास घरभर होतो. माझ्यासाठी तो वास म्हणजे तो एक उन्हाळा. त्या वर्षी आमच्या माहेरच्या अंगणात असाच चीक शिजत होता, हौसा पदर खोचून तो घाटत होती, आणि दारात एक लष्करी रंगाची लॉरी येऊन थांबली.

लढाई नुकती संपली होती. नगरला लष्कराच्या जुन्या गाड्या लिलावात निघत होत्या आणि पलटणीतून सुटून आलेली पोरं त्या घेत होती. काष्टीच्या आमच्या आत्याचा मुलगा भीमा ब्रह्मदेशाच्या बाजूला लॉरी चालवून परत आला होता. त्यानंही एका मित्राच्या भागीत अशीच एक लॉरी घेतली. तिचा मातकट हिरवा रंग तसाच होता, दारावरचा आकडा तेवढा खरवडलेला. ती नीट चालू व्हायची नाही. पुढून लोखंडी दांडा घालून फिरवला की सगळ्या गावाची कुत्री भुंकायला लागत.

पुढं हाच भीमा माझा नवरा झाला. आता मी त्यांना 'हे' म्हणते, चारचौघांत नावही घेत नाही. पण त्या उन्हाळ्यातला तो नुसता 'तो' होता, म्हणून इथं मला 'तो'च म्हणू द्या.

आत्याच्या पोराला मामाची मुलगी, हे आमच्यात पाळण्यापासून ठरलेलं. अडचण एवढीच की मामाला मुली दोन होत्या आणि आत्याला पोरगा एक. कोणती, ते ठरायच्या आत पोरगा लढाईवर गेला. त्याची वाट बघण्यात मी अठरा ओलांडलं आणि हौसा सव्वा वर्षानं माझ्या मागं होती. पाणवठ्यावर बायका विचारायला लागल्या होत्या. मी सातवीची फायनल पास होऊन मुलींच्या शाळेत शिकवत होते. थोरली मी, शिकलेली मी, तेव्हा तो माझा, असा माझा सरळ हिशेब होता. हौसाला हिशेब येत नव्हता. चुलीपुढं बसून ती गाणी म्हणायची, आणि लॉरीचा आवाज आल्यावर चिकाचा हात तसाच घेऊन ती दाराशी पळाली, मी मात्र केस नीट करायला आत गेले.

आत्या लॉरीतून उतरली ती बोलतच उतरली. "दादा, पोराला बोटीत घातलं तवाच म्या समिंद्राला बोलले हुते. माझं पोरगं परत आनून दे, तुझ्या काठाला यिऊन नारळ सोडीन. आता ह्यो म्हनतोय, उरनला मीठ आन् सुकट भरायला जायचंय. तर तू बी चल, पोरी बी चलू दे. घरच्या लेकी नसल्या तर ववाळायचं कुनी?"

आबा, म्हणजे माझे वडील, हो म्हणाले. आई गुरांसाठी मागं राहिली. तो सोडला तर आमच्यापैकी एकानंही समुद्र पाहिलेला नव्हता. पृथ्वीवर तीन भाग पाणी आहे असं मी रोज शाळेत सांगायची आणि घरी येऊन अर्ध्या कोसावरच्या विहिरीला घागर लावायची. मुलींना ते खरं वाटत नसे. खरं सांगायचं तर मलाही वाटत नसे.

आदल्या दिवशी कांदा घेऊन पुण्याला गेलो, आबांच्या ओळखीच्या अडत्याकडे उतरलो, आणि दुसऱ्या दिवशी तांबडं फुटायच्या आत रिकाम्या लॉरीतून निघालो. पुढं त्याच्या शेजारी आत्या, मांडीवर नारळ घेऊन. मागं मोकळ्या हौद्यात पोत्यांवर आबा, हौसा आणि मी. आमच्यामध्ये पिण्याच्या पाण्यानं भरलेली तांब्याची घागर, तोंडाला फडकं बांधून. समुद्राला जाताना घरून पाणी घेऊन निघणारी माणसं आम्हीच असू. त्या पुढच्या जागेवर आपण बसलोय असं मी रात्रभर पाहिलं होतं. आत्या तिथं बसलेली बघून माझा जीव थोडा झाला, पण हौसा तरी नाही बसली, एवढं समाधान होतं.

मग खंडाळ्याचा घाट लागला आणि मला गाडी लागली. पहिल्याच वळणाला पोटात कालवलं, दुसऱ्याला मी फळीवरून वाकले. आबा पाठीवरून हात फिरवत होते. हौसाला काहीही झालं नाही. ती पुढच्या दांडीला धरून उभी होती, तोंड उघडं टाकून वारा पीत होती आणि दरीत बोट दाखवून ओरडत होती. केस सुटले होते तिचे. मी ओकत होते आणि ओकता ओकता तिच्याकडं बघत होते.

शेवटी आत्यानं गाडी थांबवली. "पारे, तू फुडं बस. मागं हिंदकाळे लई बसत्यात." आत्या मागं गेली, मी पुढं आले. ज्या जागेसाठी मी मनातल्या मनात इतके मनसुबे रचले होते ती मला ओकारी काढून मिळाली.

तो म्हणाला, "जवळचं बघू नगं. लांब बघ, डोंगराच्या टोकाकडं. मंग मळमळत न्हाई." पनवेल येईपर्यंत तेवढंच बोलला. मी लांब बघितलं. डोंगराचं टोक बघितलं, त्यावरचं झाड बघितलं. तो मात्र जवळ बघत होता. त्याच्या दाराच्या बाहेर एक आरसा होता आणि त्यात हौद्याची कड दिसायची. कडेवर हौसाचा हात होता, काकणांसकट, आणि वाऱ्यानं बाहेर गेलेलं पदराचं टोक. लॉरीवाल्याला आरशात बघावं लागतं हे मला समजतं. मी उभा जन्म लॉरीवाल्याची बायको आहे. वळणावर बघावं, मागून गाडी आली तर बघावं. घाट उतरून सरळ सपाट रस्ता लागला, मागं चिटपाखरू नव्हतं, तरी तो बघत होता. माझ्या अंगाचा तिळपापड होत होता आणि मी पदराआड तोंड धरून बसले होते. त्याला वाटलं, अजून मळमळतंय.

पनवेलला चहाला थांबलो. चहावाला लॉरीशी आला, माझ्याकडं एकदा बघून त्याला म्हणाला, "पाव्हणं, वहिनींना आलं घालून देऊ का? तोंड उतरलंय त्यांचं."

नवसाच्या वाटेवर अनोळखी माणसाच्या तोंडून, न विचारता, जे निघतं ते देवाचं बोलणं, असं आमच्याकडं मानतात. आत्या मागून खाली उतरत होती ती तिथंच थबकली. मग पदराच्या गाठीतला गुळाचा खडा काढून तिनं चहावाल्याच्या हातावर ठेवला. "तुझ्या तोंडात साखर पडो, बाबा. दादा, ऐकलंस न्हवं? आता इचार करायचं राह्यलं न्हाई."

आबांनी पागोटं काढलं, मांडीवर ठेवलं, पुन्हा घातलं. आनंद झाला की ते असं करायचे. माझं लग्न ठरलं ते असं. तो बशीत चहा ओतत होता. त्यानं मान वर केली नाही. हौसा टाळ्या पिटून हसली. "आक्का, वहिनी म्हनाला तुला!" मी त्या हसण्यात कुठं चीर दिसते का ते बघत होते. लाटलेल्या पोळीसारखं सगळीकडून सारखं हसणं होतं मेलीचं.

पनवेलच्या पुढं रस्ता खाडीच्या कडेनं गेला. दोन्ही बाजूंना नारळीची झाडं, झाडांना घडच्या घड. आबा मागून ओरडले, "यमे, अगं हितं तर झाडाला लागल्यात की नारळ! काष्टीतनं कशाला वझं आनलंस?" आत्या म्हणाली, "लागू दे. नवस काष्टीत बोलले, नारळ बी काष्टीचाच." मग मिठागरं आली. चौकोनी वाफे, आमच्या कांद्याच्या वाफ्यांसारखेच, पण त्यांत पाणी आणि पाण्यात आभाळ. कडेनं मिठाचे पांढरे ढीग. हवेला आमच्या बाजारातल्या सुकटीच्या पालाचा वास येत होता, फक्त ओला. त्या वासानं माझं पोट पुन्हा ढवळलं, पण मी जागा सोडली नाही.

आणि मग तो दिसला. समुद्र. आबा वाळूत उभे राहून पुष्कळ वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "लईच हाय की गं."

मी समुद्राबद्दल काही लिहू शकत नाही. लोक लिहितात, लाटा आणि गाज आणि क्षितिज. मी त्या दिवशी समुद्राकडं धड पाहिलंच नाही. मी पाहत होते ते त्याच्याकडं, आणि तो कुठं पाहतोय त्याच्याकडं.

आत्यानं काठाशी उभं राहून पाण्याला हळदकुंकू वाहिलं, आम्ही दोघींनी ओवाळलं, आणि आत्यानं नारळ सोडला. लाटेनं तो परत आणून तिच्या पायाशी टाकला. तिनं पुन्हा सोडला. पुन्हा परत आला. आमच्याकडं नदीला नारळ सोडला की तो जातो. परत आलेल्या नारळाचं काय करायचं ते आम्हाला ठाऊक नव्हतं. आत्याचा चेहरा पांढरा पडला. "घीत न्हाई," ती म्हणाली. "माझा नवस घीत न्हाई त्यो. काय चुकलं गं माझं?" ती खरोखर रडायला लागली. आबा तिला समजावायला लागले, मी तिचा हात धरला. शहाणी मुलगी जे करते ते मी केलं.

हौसानं नारळ उचलला, कासोटा आवळला आणि ती सरळ पाण्यात शिरली. गुडघ्यापर्यंत, मांडीपर्यंत, कमरेपर्यंत. एक लाट तिच्या छातीवर फुटली, ती मागं रेटली गेली, पुन्हा पुढं झाली. लाटेच्या पलीकडं हात लांब करून तिनं तो नारळ सोडला.

"हौसे! फुडं जाऊ नगं! हौसेऽ!"

तो ओरडला होता. लढाईवरून आलेला, जरुरीपेक्षा एक शब्द जास्त न बोलणारा माणूस. मी वळून पाहिलं तर तो गुडघाभर पाण्यात होता, पायांत बूट तसेच. ते काढायचंही त्याला सुचलं नव्हतं. इतक्या वर्षांच्या संसारात मी आजारी पडले, बाळंतपणात मरता मरता वाचले, एकदा आडाच्या काठावरून पाय घसरला. माझ्या नावानं तशी हाक त्यानं कधी मारली नाही.

हौसा हसत परत आली. चिंब, ओठ खारट झाले म्हणून जिभेनं पुसत. आत्यानं तिला पोटाशी धरलं, अलाबला घेतली. "गेला गं बाई, गेला!" नारळ गेला होता. नवस फिटला होता. फेडला होता तो हौसानं आणि नवरा मात्र मला मिळणार होता, कारण देव चहावाल्याच्या तोंडून आधीच बोलून बसला होता. तो लॉरीला टेकून बुटातलं पाणी ओतत होता. मी म्हणाले, "बूट खराब झालं तुमचं." तो म्हणाला, "व्हय."

जेवणाला भाकरी घरून होत्या. तीन दगड मांडून पिठलं करायचं होतं. मी घागरीचं फडकं सोडायला लागले तर आत्या म्हणाली, "र्‍हाऊ दे, घरचं पानी कशाला नासता? हितं एवढं पडलंय. मीठ बी घालाया नगं." हौसानं समुद्राचं पाणी आणलं, त्यात बेसन कालवलं, वरून मिरच्या. रंग छान आला होता. आबांनी पहिला घास घेतला आणि तोंडातच धरून ठेवला. आत्या थुंकली. मी जिभेला लावलं आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मिठाबरोबर कडू लागत होतं ते. हौसा कपाळाला हात लावून हसत सुटली.

तो जेवत होता. भाकरीचा तुकडा मोडत होता, पिठल्यात बुडवत होता, खात होता. आत्या म्हणाली, "आरं टाक ते, जीभ जळंल." तो म्हणाला, "बरं झालंय." पानातलं सगळं संपवून तो वर दोन तांबे पाणी प्यायला.

पुढं आयुष्यभर मी त्याच्या पानात वाढलं. आमटीत मिठाची कणी जास्त पडली तर ताट सारून उठणारा माणूस आहे हा. प्रत्येक वेळी मी ते ताट उचलून आत नेलं आहे आणि प्रत्येक वेळी मला ते पिठलं आठवलं आहे.

परत येताना मी पुढंच बसले. आता मला तिथून कोण उठवणार? मागं मिठाची आणि सुकटीची पोती, आणि पोत्यांवर हौसा झोपली होती. खड्डा आला की तो गाडी इतकी हळू करायचा की मला मागचा तिचा घोरण्याचा आवाज यायचा.

त्याच उन्हाळ्याच्या शेवटी आमचं लग्न झालं. हौसाला पुढच्या वर्षी जामखेडकडं दिली. तिचा नवरा साधा, हसरा शेतकरी होता. दुष्काळात दोघं गाळपाच्या वेळी ऊसतोडीलाही गेली, तिथून आली ती नवी गाणी शिकून आली. तिनं कधी कशाची तक्रार केली नाही. हे तर नवरा म्हणून चांगलेच निघाले. माझी शाळा सुटू दिली नाही, कधी हात उगारला नाही, लॉरीवरून येताना मला न चुकता गजरा आणला. बाहेरून बघणाऱ्याला माझ्या संसारात उणं काय ते सांगता येणार नाही. मला सांगता येतं. याच्या आयुष्यातले सगळे दिवस माझे आहेत, एक सोडून. आणि हा तो एकच दिवस सांगत बसतो. मीठ भरलं, नारळ परत आला, सगळं सांगतो, नाव मात्र घेत नाही. हौसाला मी कधी विचारलं नाही. काही नव्हतं म्हणाली असती तर मला पटलं नसतं, आणि होतं म्हणाली असती तर मी काय केलं असतं?

या वर्षीही ती आली. आता यांना कालचं आज आठवत नाही. सकाळी जेवून दुपारी विचारतात, आज स्वयंपाक नाही का केला? परवा आम्ही दोघी अंगणात बाजेवर धोतर पसरून कुरडया घालत होतो. हे लिंबाखाली खुर्चीत होते. आमची पणती शाळेच्या सहलीनं अलिबागला जाऊन आलेली, तिनं यांना विचारलं, "पणजोबा, तुम्ही पाहिलाय का समुद्र?"

"पाह्यलाय म्हंजे?" हे सावरून बसले. सगळं सांगितलं. लॉरी, घाट, आत्या, पुन्हा पुन्हा परत येणारा नारळ. आणि मग माझ्याकडं बोट केलं. "आन् ही. ही तुझी पनजी. लई धीट बाई. कंबरंएवढ्या पान्यात शिरली आन् लाटंच्या पल्याड नारळ सोडला हिनं. माझं काळीज पार तोंडात आलं हुतं. तवाच म्या ठरिवलं, करीन तर हिच्याशीच."

हौसाच्या हातातला सोऱ्या थांबला. मी तिच्याकडं पाहिलं. हसरा चेहरा तिचा, जन्मात कधी न हललेला, तो एवढासा होऊन गेला. ओठ आत गेले, नजर यांच्यावर आणि तिथून माझ्यावर आली. ते काय आहे हे मला कुणी सांगायला नको होतं. मी त्यातच आयुष्य काढलंय. होतं तर. तिच्याही पोटात होतं, तेव्हापासून होतं. उभ्या जन्मात मला जे कळून घ्यायचं होतं ते माझ्यासमोर चिकाच्या पातेल्यापलीकडं बसलं होतं.

आता ती बोलेल, मला वाटलं. दाजी, ती मी, म्हणेल. तिचा हक्कच होता.

"व्हय दाजी," हौसा म्हणाली. "लई धीट हुती आमची आक्का. म्या काठावरनं बघत हुते."

पणती टाळ्या पिटत माझ्या गळ्यात पडली. हे माझ्याकडं बघत होते, ज्या नजरेची मी त्या आरशापासून वाट पाहिली होती त्याच नजरेनं. सगळं मिळालं मला. आणि मिळालं ते तिनं दिलं म्हणून. एका शब्दात, खाली मान घालून, कुरडई घालता घालता तिनं ते देऊन टाकलं. माझ्याच्यानं ते कधी झालं नसतं, आणि हे मला समजत होतं, आणि मला ते सहन झालं नाही.

"नीट घाल गं," मी म्हणाले. "वाकडी पडतीय."

वाकडी नव्हती. चांगली गोल पडली होती.